पिक्सेलपासून पेशीपर्यंत: वैज्ञानिक प्रतिमांच्या विभाजनाची पार्श्वभूमी

रक्ताच्या काचपट्टीवर पांढरी पेशी कुठे संपते आणि तिच्यातलं केंद्रक कुठे सुरू होतं, हे सरावलेला डोळा क्षणात ओळखतो. संगणकाला दिसतात ते फक्त पिक्सेलच्या उजेडाचे आकडे. त्या आकड्यांतून अर्थपूर्ण भाग वेगळे काढायचं काम म्हणजे प्रतिमेचं विभाजन, अर्थात सेगमेंटेशन. आजकाल ही कहाणी बहुधा न्यूरल नेटवर्कपासून, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय रचनेपासून, सुरू केली जाते. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण आजच्या पद्धतींचे कितीतरी सांधे त्याआधीच बसवले गेले होते.

1966 मध्ये ज्युडिथ प्रेविट आणि मॉर्टिमर मेंडेलसोन यांनी पेशींच्या प्रतिमांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. करड्या छटांचा हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या छटेचे किती पिक्सेल आहेत याचा आलेख, काढला की पार्श्वभूमी, पेशीद्रव्य आणि केंद्रक यांचे वेगवेगळे उंचवटे दिसतात, आणि मधल्या दऱ्यांपाशी सीमा, म्हणजेच उंबरठा, धरता येते. ही सीमा नजरेच्या अंदाजावर न सोडता गणिताने ठरवण्याची पद्धत नोबुयुकी ओत्सु यांनी 1979 मध्ये दिली. दोन गटांमधलं अंतर जास्तीत जास्त होईल अशी छटा शोधायची, इतकी ती सुटसुटीत आहे. सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांवर ती आजही रोज वापरली जाते.

पण छटा सारखी असलेल्या दोन पेशी एकमेकींना चिकटल्या की उंबरठ्याची पद्धत हात टेकते. त्यावरचा उपाय फ्रान्समध्ये निघाला. फोंतेनब्लो इथे जॉर्ज माथेरों आणि जाँ सेरा यांनी 1960च्या दशकात खनिजांच्या रचनेच्या अभ्यासातून आकारांचं एक नवं गणित उभं केलं होतं. त्याच परंपरेतल्या सर्ज ब्यूशे आणि क्रिस्तियाँ लांत्युएजूल यांनी 1979 मध्ये प्रतिमेकडे भूप्रदेश म्हणून पाहिलं. उजळ पिक्सेल म्हणजे उंचवटा, गडद पिक्सेल म्हणजे खोलगट भाग. प्रत्येक खोलगटात पाणी भरत न्यायचं आणि दोन तळी जिथे मिळतील तिथे बांध घालायचा. तो बांध म्हणजेच जलविभाजक, दोन वस्तूंमधली सीमा. मोठ्या प्रतिमांवर ही कल्पना व्यवहारात उतरली ती 1991 मध्ये, ल्यूक व्हिन्सेंट आणि पिएर स्वाल यांच्या वेगवान पद्धतीमुळे. तिची खोड एकच: प्रतिमेतला बारीकसा खड्डाही स्वतंत्र तळं ठरतो आणि एका वस्तूचे शेकडो तुकडे पडतात.

उपग्रह प्रतिमांचा प्रश्न उलट्या दिशेने आला. 1972 च्या लँडसॅट उपग्रहाचा एक पिक्सेल जमिनीवर सुमारे 80 मीटरचा होता, त्यामुळे प्रत्येक पिक्सेलवर सुटी खूणचिठ्ठी लावणं पुरत असे. 1999 मध्ये इकोनॉस उपग्रहाने 1 मीटरचा तपशील दिला आणि एकच झाड अनेक पिक्सेलमध्ये पसरलं: काही उन्हातले, काही सावलीतले. पिक्सेलवार वर्गीकरणातून ठिपक्याठिपक्यांचा गोंधळ निघू लागला. म्हणून आधी शेजारचे सारखे पिक्सेल जोडून तुकडे करायचे आणि मग तुकड्यांना नाव द्यायचं, हा क्रम रूढ झाला. तुकडे किती मोठे असावेत, हे मात्र अभ्यासकच ठरवतो. जंगल मोजणाऱ्याचं आणि झाडं मोजणाऱ्याचं उत्तर वेगळंच असणार.

सगळ्यांत कठीण कसोटी मेंदूच्या प्रतिमांनी घेतली. सी. एलिगन्स या सूक्ष्म कृमीच्या 302 चेतापेशींचा नकाशा 1986 मध्ये प्रसिद्ध झाला तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रांवर हाताने माग काढून. त्याहून मोठ्या मेंदूला ही रीत झेपणारी नव्हती. 2015 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या ओलाफ रोनेबर्गर, फिलिप फिशर आणि थॉमस ब्रॉक्स यांनी यू-नेट हे विभाजनासाठीचं न्यूरल नेटवर्क मांडलं. त्याच्या एका कसोटीत शिकण्यासाठी फळमाशीच्या अळीच्या चेतासंस्थेच्या अवघ्या 30 प्रतिमा होत्या; त्याच लवचीकपणे वाकवून-ताणून त्यांनी उदाहरणं वाढवली. याच शोधनिबंधातली एक कमी चर्चिली गेलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते: प्रतिमा संगणकाच्या स्मृतीत मावत नसेल तर ती एकमेकांवर चढणाऱ्या चौकटींत घ्यायची, म्हणजे कडेच्या पिक्सेललाही पुरेसा शेजार मिळतो.

चौकटींनी स्मृतीचा प्रश्न सुटला, चुकांचा नाही. दोन चेतातंतूंमधल्या पटलाचे, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाचे, मोजकेच पिक्सेल हुकले, तरी दोन पेशी एक होतात आणि नकाशा भलतीकडेच जातो. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेली मानवी मेंदूच्या जेमतेम एक घन मिलिमीटर नमुन्याची माहिती 1.4 पेटाबाइट, म्हणजे सुमारे 14 लाख गिगाबाइट, भरली. एवढ्या पसाऱ्यात अशा चुका टळणं अशक्य.

त्याच वर्षी फ्लायवायर प्रकल्पाने प्रौढ फळमाशीच्या मेंदूतल्या सुमारे 1,40,000 चेतापेशींचा नकाशा दिला. त्यात न्यूरल नेटवर्क पटलांचा अंदाज करतं आणि त्या अंदाजावर जुनी जलविभाजक पद्धतच लहान तुकडे पाडते. तिची तुकडे पाडण्याची खोड इथे उपयोगी पडली, कारण ते तुकडे नंतर जोडता येतात. तपासणाऱ्या माणसाला पिक्सेल रंगवावे लागत नाहीत. चुकीचा जोड तोडायचा किंवा राहिलेला जोड द्यायचा, एवढंच. तरीही या तपासणीला सुमारे 33 मनुष्यवर्षं लागली, आणि ती केली संशोधकांनी व स्वयंसेवकांनी मिळून.