बस्त्यातली पैठणी: हातमागाची की सेमी?

आपल्या खान्देशात लग्न जमलं की बस्ता बांधायला कोणी जळगावच्या फुले मार्केटला जातं, कोणी धुळ्याच्या आग्रा रोडला, आणि पैठणीच घ्यायची ठरली तर गाडी करून मालेगाव-मनमाड मार्गे थेट येवल्याला. दुकान कुठलंही असो, गादीवर साड्यांचा ढीग पडतो, सगळ्यांच्या पदरावर मोर, सगळ्यांना नारळी काठ, मग आत्या विचारते "हाई हातनी शे का मशीननी?" आणि समोरून उत्तर येतं "ताई, प्युअर आहे." पण आत्याने विचारलेलं ते नाहीच ना!

प्युअर म्हणजे धागा रेशमाचा, एवढंच. तोच रेशमी धागा पॉवरलूमवर, म्हणजे मशीनच्या मागावर पण विणतात. सिल्क मार्कचं लेबल पण रेशमाचीच खात्री देतं, हातमागाची नाही, त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. आणि सेमी म्हणून जी विकतात ती बहुतेक पॉवरलूमचीच असते, धागा कधी मिक्स, कधी पूर्ण आर्ट सिल्क म्हणजे पॉलिस्टर नाहीतर व्हिस्कोस, आणि जरीची तार पण प्लास्टिकची.

ओळखायचं असेल तर पदर उलटा करून बघा, बाकी सगळं नंतर. हातमागावर विणकर प्रत्येक रंगाचा धागा नक्षीत जिथे लागतो तिथेच फिरवतो आणि शेजारच्या धाग्यात अडकवतो, त्यामुळे मोर मागूनही जवळपास पुढूनसारखाच दिसतो. मशीनच्या पदराला मागे लांब मोकळे धागे लोंबतात नाहीतर कापलेले असतात, कधी ते झाकायला मागून जाळी शिवलेली असते. अजून एक, मोर एकमेकांशी ताडून बघा, हातच्या कामात एखाद्याची चोच किंवा पिसारा किंचित वेगळा येतो, मशीनमध्ये सगळे अगदी एकसारखे. पदराच्या टोकाचा एखादा सुटा धागा मागून घ्या आणि घरी जाळून बघा, रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येऊन राख बोटात चुरते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

आता अंगावर टाकून बघायचं. दुकानातला माणूस ड्रेसवरूनच झटपट निऱ्या घालून आरशासमोर उभं करतो, ट्यूबलाइटमध्ये सेमी जास्तच चमकते आणि नवरीला तीच आवडते. तसं करू नका, दाराशी उजेडात या, खांद्यावर पदर थोडा वेळ राहू द्या, खाली मांडी घालून बसून बघा कारण लग्नात पाटावर बसायचंय. रेशमाच्या निऱ्या अंगाबरोबर पडतात, सेमी बऱ्याचदा पोटाशी फुगून राहते. आणि आपल्याकडे लग्नं एप्रिल-मेमध्ये, भुसावळ-जळगावला पारा 44-45 ला, मंडपात पॉलिस्टर अंगाला चिकटतं आणि नवरीचा जीव नुसता कासावीस होतो, हे घेताना कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

किंमत म्हणाल तर सेमी दीड-दोन हजारापासून मिळते, हातमागाची साधी घेतली तरी सहसा आठ-दहा हजाराच्या खाली येत नाही आणि पदर भरगच्च असला तर लाखाच्याही वर जाते, कारण त्यात विणकराचे महिने गेलेले असतात. सेमी वाईट नाही हो, हळदीला, मानपानाला, करवल्यांना खुशाल घ्या. पण सेमी हातमागाच्या भावात गळ्यात मारणं ही सरळ फसवणूक आहे, आपली पण आणि त्या विणकराची पण. आणि बापाला कर्ज काढायला लावून भारी पदराचा हट्ट नको, त्यापेक्षा साध्या काठाची पण हातची घ्या, चांगली ठेवली तर पुढे लेकीलाही नेसता येते.

पैसे देण्याआधी पक्क्या बिलावर "हातमाग, प्युअर सिल्क" असं दोन्ही लिहून मागा. दुकानदार प्युअर सिल्क लगेच लिहील, हातमाग लिहायला काचकूच करत असेल तर साडी तिथेच ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.