कुत्र्याला तेलुगू कळतं का?

बोलक्या पाळीव प्राण्यांचा सिनेमा पाहून आलेली मुलं हमखास विचारतात, आपला मोत्या का बोलत नाही? रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा ऐकत वाढलेल्या मुलांना बोलणारा कुत्रा मुळीच परका वाटत नाही. पण हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्याच्या उत्तरासाठी शास्त्रज्ञांना थेट मेंदूत डोकवावं लागलं आहे.

पडद्यावरची करामत आधी सांगून टाकतो. अशा सिनेमात बहुतेक वेळा कुत्रा खरा असतो, फक्त त्याचे ओठ आणि जबडा संगणकावर घडवून चित्रावर चढवतात. हिंदी डबिंगमध्ये शब्द त्या ओठांशी नीट जुळत नाहीत, तरी कुत्राच बोलतोय असं वाटतं. हलणारं तोंड आणि त्याच वेळी आलेला आवाज यांची सांगड आपला मेंदू आपणहून घालतो. 1976 मध्ये हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी दाखवून दिलं की कानावर ‘बा’ पडत असताना समोरचे ओठ ‘गा’ म्हणत असले, तर अनेकांना चक्क ‘दा’ ऐकू येतं.

मग खऱ्या कुत्र्याचं घोडं अडतं कुठे? प्राण्यांच्या घशाची ठेवणच बोलण्याजोगी नाही, असं बराच काळ मानलं जाई. 2016 मध्ये टेकमसे फिच आणि सहकाऱ्यांनी माकडाच्या तोंडाच्या आणि घशाच्या हालचाली क्ष-किरणांनी टिपल्या, त्यावरून संगणकावर आवाज तयार केला आणि निष्कर्ष काढला की माणसाला समजेल असं बोलण्यापुरता हा घसा पुरेसा आहे. उणीव आहे ती मेंदूच्या जोडणीत. आपल्या मेंदूच्या बाह्य आवरणातून, जिथे ठरवून करायच्या हालचाली आखल्या जातात तिथून, स्वरयंत्र हलवणाऱ्या चेतापेशींपर्यंत थेट तंतू जातात. बहुतेक सस्तन प्राण्यांमध्ये ही वाट नसते किंवा अगदी क्षीण असते. त्यामुळे मोत्याच्या भुंकण्यात राग, भीती, आनंद सगळं उतरतं, पण ऐकलेला नवा आवाज घडवून काढणं त्याला जमत नाही. अपवाद आहेत, आणि ते विलक्षण आहेत. दक्षिण कोरियातला कोशिक नावाचा हत्ती सोंड तोंडात घालून पाच कोरियन शब्द उच्चारतो, याची नोंद 2012 मध्ये झाली.

माझ्या मते मात्र सिनेमाने कुत्र्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या ऐकण्याची गोष्ट सांगायला हवी. हंगेरीतल्या बुडापेस्टमध्ये अटिला अँडिक्स यांच्या गटाने कुत्र्यांना एमआरआय यंत्रात जागेपणी, न बांधता, स्थिर पडून राहायला शिकवलं. 2016 मध्ये त्यांनी दाखवलं की कौतुकाचे शब्द कौतुकाच्याच सुरात आले, तेव्हाच मेंदूतलं बक्षिसाचं केंद्र उजळलं. गोड सुरातल्या निरर्थक शब्दांना कुत्री भुलली नाहीत, आणि कोरड्या सुरातल्या कौतुकालाही नाही.

त्याच शहरातला पुढचा प्रयोग सोलापूरकरांनी आवर्जून वाचावा असा आहे. संशोधक लॉरा कुआया मेक्सिकोहून आपला कुनकुन हा कुत्रा घेऊन तिथे राहायला गेल्या. तोवर फक्त स्पॅनिश ऐकलेल्या त्याच्या कानांवर एकाएकी हंगेरियन पडू लागली. त्याला फरक कळतो का? एकूण 18 कुत्र्यांना दोन्ही भाषांत गोष्ट ऐकवली, तेव्हा ओळखीच्या आणि अनोळखी भाषेला मेंदूचा प्रतिसाद वेगवेगळा दिसला, आणि वयाने मोठ्या कुत्र्यांमध्ये हा फरक अधिक स्पष्ट होता. 2022 मध्ये हे संशोधन छापून आलं. आता सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीतलं कुत्रं घ्या. घरातून तेलुगू ‘रा’, शेजारून कन्नड ‘बा’, रस्त्यावरून मराठी ‘ये’, पुढच्या वळणावर हिंदी ‘आ’. भाषा वेगळी आहे हे ओळखणं म्हणजे तिचा अर्थ कळणं नव्हे, तरी इतक्या भाषा ऐकत म्हातारं झालेलं ते जनावर कानाचं कच्चं नक्कीच नसणार.

आणि शिकवायला कुणी नसलेली रस्त्यावरची कुत्रीही मागे नाहीत. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने अशा कुत्र्यांसमोर दोन वाडगी ठेवून एकाकडे बोट दाखवलं. जवळ आलेल्यांपैकी सुमारे 80 टक्के कुत्री दाखवलेल्या वाडग्याकडेच गेली. पण जवळपास निम्मी कुत्री पुढे आलीच नाहीत. ती बुजलेली होती, आणि माणसाकडून याआधी त्रास झाला असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. आपल्या चौकातलं कुत्रं लांबच उभं राहत असेल, तर त्याला बोट कळत नाही असं समजू नका. आधी हातात दगड नाही, हे त्याला दिसू द्या.