न घेतलेल्या कर्जाची बाकी

गेल्या वर्षी माझा मावसभाऊ घरकर्जासाठी बँकेत गेला. पगार बरा, आधीचं गाडीचं कर्ज वेळेवर फेडलेलं, त्यामुळे काळजीचं काही कारण नव्हतं. अधिकाऱ्यानं त्याच्या कर्जफेडीचा इतिहास सांगणारं सिबिल काढलं, थोडा वेळ पाहिलं आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. गाडीच्या कर्जाखाली आणखी एक नोंद होती. चार हजार सातशे रुपयांचं वैयक्तिक कर्ज, त्यानं नावही न ऐकलेल्या कंपनीचं. तिच्याखाली महिन्यांचे बारीक चौकोन होते: ०००, ०००, मग ०३०, ०६१, ०९१. हप्ता किती दिवस थकला, ते या आकड्यांवरून कळतं. पॅन त्याचा, जन्मतारीख त्याची. मोबाईल नंबर भलताच आणि पत्ता अशा शहरातला, जिथे तो कधी रेल्वेतून उतरलासुद्धा नव्हता.

“छोटी रक्कम आहे, भरून टाका आणि एनओसी आणा,” अधिकारी म्हणाला.

“अहो, पण मी घेतलंच नाही.”

“ते तुम्हालाच दाखवायला लागेल ना.”

या प्रकाराला आता ‘आयडेंटिटी थेफ्ट’ म्हणतात आणि तो मोबाईलच्या जमान्यातला नवा रोग समजला जातो. चोरीची तऱ्हा नवी आहे, हे खरं. पण कागदावर बाकी आहे, ती ज्याच्या नावावर आहे तो ‘माझी नाही’ म्हणतो आणि कागद मात्र समोरच्याच्या ताब्यात, हा पेच आपल्याकडे फार जुना आहे. त्यावरून एकदा पुणे जिल्ह्यात दंगलही झाली होती.

१२ मे १८७५. गाव सुपे, तेव्हाचा भीमथडी तालुका, आताचा बारामती. बाजारपेठेच्या या गावात आसपासचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. त्यांनी मागितल्या वह्या आणि खतं, म्हणजे कर्जरोखे. ते हाती आले की चव्हाट्यावर त्यांची होळी. बहुतेक ठिकाणी सावकारानं खतं काढून दिली की जमाव त्याच्या अंगाला हात न लावता परत फिरला. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पोचलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव पडला होता, नव्या जमाबंदीत सारा वाढला होता आणि सावकारानं हात आखडता घेतला होता. ही कारणं शाळेच्या पुस्तकात येतात. माझं लक्ष मात्र जाळलेल्या कागदांकडे जातं.

त्या कागदांत काय होतं? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. व्याजाचा डोंगर साचू नये, हा हेतू. सावकारांनी त्यातून सरळ वाट काढली: दर तीन वर्षांनी नवं खत. मागची मुद्दल आणि तिच्यावरचं साचलेलं व्याज मिळून नव्या खताची मुद्दल व्हायची. पैसे भरले तरी पावती मिळायची नाही. खतात काय लिहिलंय हे कुळाला, म्हणजे कर्जदार शेतकऱ्याला, वाचता यायचं नाही, तो सांगितल्या जागी अंगठा उठवायचा. दंगलीनंतर नेमलेल्या आयोगापुढे शेतकऱ्यांनी हेच गाऱ्हाणं मांडलं: खतात खोटे आकडे घातले, फेड झाली ती मांडलीच नाही. दावा लागला की बहुतेक वेळा एकतर्फी हुकूमनामा व्हायचा, कारण कुळ कोर्टात जायचंच नाही. गेलं तरी बोलणार काय? खत समोर, अंगठा समोर.

आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू होता. व्यवहारज्ञानाच्या दृष्टीनं मला हा कायदा आजच्या अनेक नियमावल्यांपेक्षा शहाणा वाटतो. त्यानं न्यायाधीशाला सांगितलं, नुसतं खत बघून निकाल देऊ नका, त्या खताच्या मागे जा. पहिली रक्कम कधी दिली, किती दिली, फेड किती झाली, हा सगळा इतिहास तपासा. शेतकऱ्याचं खत गावनिबंधकासमोर झालं पाहिजे, नाहीतर ते ग्राह्य नाही. मागितली की पावती, वर्षाचा हिशेब आणि खातेपुस्तिका देणं सावकाराला बंधनकारक. कर्जापायी तुरुंगात टाकणंही बंद केलं. थोडक्यात, कागद दाखवणाऱ्यावरच कागदाची जबाबदारी आली. सावकारांनी पळवाटा काढल्याच, पण तो विषय वेगळा.

अंगठ्याचीही एक गंमत आहे. १८५८ मध्ये बंगालातल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं रस्त्याच्या खडीचा करार केला आणि कंत्राटदार राज्यधर कोनाईच्या अख्ख्या पंजाचा ठसा त्या कागदाच्या पाठीवर उमटवून घेतला. पुढे ‘सही माझी नाही’ असं म्हणण्याचा विचारही त्याच्या मनात येऊ नये, हा हेतू हर्शेलनं स्वतःच लिहून ठेवला आहे. १८७७ पासून हुगळीत त्यानं पेन्शन आणि दस्तनोंदणीसाठी बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. म्हणजे सही करणाऱ्याला नाकारता येऊ नये, यासाठी ठसा आला. ज्यानं सही केलीच नाही त्याला सुटता यावं, हा विचार त्या शोधाच्या मुळाशी नव्हता. आपल्या ओळखीच्या यंत्रणा अजून त्याच बाजूला कललेल्या दिसतात.

सावकारी आटोक्यात आणायला १९४६ चा मुंबई सावकारी कायदा झाला, त्याच्या जागी महाराष्ट्राचा २०१४ चा कायदा आला. दरम्यान कर्ज देणारा बदलला. सहकारी सोसायटी, पतसंस्था, राष्ट्रीयीकृत बँक. तिथे न घेतलेलं कर्ज वेगळ्या वेशात यायला लागलं. सातबारा, फोटो आणि दोन कोऱ्या सह्या ‘योजनेसाठी’ कुणाकडे तरी दिलेल्या असतात, पुढे नोटीस येते तेव्हा आपण कर्जदार असल्याचं कळतं. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडला, शेतकऱ्यांच्या कागदपत्रांवर त्यांच्या नकळत बँकांतून मोठाली कर्जं उचलल्याच्या आरोपावरून २०१७ मध्ये गुन्हा दाखल झाला. तिथे हॅकर नव्हता की ओटीपी नव्हता. झेरॉक्स पुरली.

आता सिबिलकडे येऊ. पूर्वी पत ही गावात, पेठेत, तोंडी असायची. रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या सिद्दीकी समितीच्या शिफारशीनंतर २००० मध्ये ‘सिबिल’ ही कंपनी स्थापन झाली आणि २००४ पासून व्यक्तींच्या कर्जांची माहिती एका जागी येऊ लागली. पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा. आज अशा चार कंपन्या आहेत, पण मराठीत चौघींचं नाव एकच, ‘सिबिल’, जसं वनस्पती तुपाला डालडा. ३०० ते ९०० मधला एक आकडा माणसाची पत ठरवू लागला. ती माहिती जोडायचा खिळा म्हणजे पॅन. पॅन १९७० च्या दशकात आला तो प्राप्तिकरासाठी. कर भरणाऱ्याला ओळखायचा क्रमांक, त्यात गुपित असं काही नव्हतंच. तोच क्रमांक आपण हॉटेलात, सिमच्या दुकानात, भाडेकरारात, सोनाराकडे छायाप्रतीसकट वाटत आलो. तो पुढे कर्जाच्या दाराची किल्ली होईल, असं तेव्हा कुणाच्या डोक्यात असणार?

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्यावर ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, उभी राहिली आणि स्मार्टफोन स्वस्त झाल्यावर पाच मिनिटांत कर्ज देणारी अ‍ॅप्स आली. पाच मिनिटांत कर्ज द्यायचं तर समोरचा माणूस कोण, हे बघायला वेळ कुठून आणायचा? रकमा लहान, म्हणून तपासणीही लहान. पॅन एकाचा, मोबाईल दुसऱ्याचा, पैसे तिसऱ्याच्या खात्यात, असं चालून जायचं. बुडाले तर कंपनीचे दोन-चार हजार बुडायचे आणि थकबाकीची नोंद मात्र पॅनवाल्याच्या नावावर जायची.

हे अनेकांना कळलं ते २०२२ मध्ये. त्या फेब्रुवारीत अभिनेत्री सनी लिओनी यांनी ट्विट केलं की त्यांच्या पॅनवर कुणीतरी दोन हजारांचं कर्ज घेतलं आणि त्यांचा सिबिल बिघडला. एप्रिलमध्ये अभिनेता राजकुमार रावची तीच तक्रार, रक्कम अडीच हजार. चित्रपटातल्या माणसाला दोन हजारांचं कर्ज कशाला लागेल, हा प्रश्न शाळकरी पोरालाही पडला असता. कर्ज मंजूर करणाऱ्या संगणकाला पडला नाही.

त्याच वर्षी २ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेनं डिजिटल कर्जाची नियमावली काढली. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यातच गेली पाहिजे, मधल्या कुणाच्या खात्यातून नाही, हा तिच्यातला कळीचा नियम. त्याच महिन्यापासून पतमाहिती कंपन्याही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आल्या. फौजदारी बाजूला माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-सी हे कलम २००९ पासून लागू आहे. दुसऱ्याची ओळख फसवून वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. कलम चांगलं आहे, पण ते चोराला लागतं. आपल्या नावावरची नोंद त्यानं पुसली जात नाही.

ती पुसायची कुणी? इथेच लोकांची सगळ्यात जास्त दमछाक होते. सिबिलला फोन केला की उत्तर येतं, आम्ही नुसती नोंद ठेवतो, कर्ज देणाऱ्या संस्थेनं कळवल्याशिवाय बदलू शकत नाही. संस्थेला फोन करावा तर तिथे वसुलीवाल्याचा नंबर लागतो, आणि त्याला एकच प्रश्न येतो, “कधी भरताय?” रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानं या चेंडूफळीला थोडी शिस्त लावली. तक्रार तीस दिवसांत मिटली पाहिजे, त्यातले एकवीस दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे. त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला. एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे. शंभर रुपयांत घरकर्जाचा वाढलेला व्याजदर भरून निघत नाही, पण उशिराचा भुर्दंड एकदाचा समोरच्याच्या खात्यात पडला, हे कमी नाही. तुमचा अहवाल कुणी उघडला की तुम्हाला एसएमएस किंवा ई-मेल जायला हवा, हाही नियम त्याच दिवशीच्या दुसऱ्या परिपत्रकातला. २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चौघींकडचा काढावा, कारण एकीकडे असलेली नोंद दुसरीकडे असेलच असं नाही.

मावसभावाला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही की पैसे भरू नकोस. चार हजार सातशे भरून मोकळं व्हायचा मोह सगळ्यांना होतो. पण भरले की कर्ज आपलं होतं. तडजोड करून कमी भरले तर खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो आणि पुढची बँक त्याच्याकडे थकबाकीदाराच्याच नजरेनं बघते. त्यानं सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, तिची पोच घेतली आणि मग सिबिलवर ‘हे खातं माझं नाही’ या पर्यायाखाली तक्रार टाकली. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी मेल केला. त्यात विनवणी नव्हती, मागण्या होत्या. कर्जाचा करारनामा द्या. केवायसीत घेतलेला फोटो द्या. पैसे कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यात गेले ते कळवा. म्हणजे १८७९ च्या न्यायाधीशाला दिलेलं काम त्यानं स्वतःच केलं, खताच्या मागे गेला. कर्ज खरंच त्याचं असतं तर हे कागद दोन दिवसांत तोंडावर आले असते. ते आलेच नाहीत.

आता पुन्हा अंगठ्याकडे. १८७९ च्या कायद्यानं खत सरकारी माणसासमोर नोंदवायला लावलं, ते खोट्या कागदांपासून वाचवण्यासाठी. तेलंगणात २०१८ मध्ये एका मोबाईल दुकानदारानं नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून जमिनीचे दस्त उतरवून घेतले आणि त्यांवरच्या अंगठ्यांचे रबरी साचे बनवून त्यांवर हजारो सिमकार्डं चालू केली. २०२३ मध्ये बंगळुरात घराची दस्तनोंदणी केलेल्या लोकांच्या खात्यांतून आधार क्रमांक आणि बोटाच्या ठशावर होणाऱ्या व्यवहारानं पैसे गेल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हाही संशय दस्तांवरच्या ठशांकडेच गेला. आधारच्या अ‍ॅपवर बायोमेट्रिक कुलूप लावायची सोय आहे. घराची नोंदणी करून आल्यावर पेढे वाटायच्या आधी ते लावलेलं बरं.

मावसभावाची नोंद सव्विसाव्या दिवशी निघाली. कंपनीकडून दोन ओळींचा मेल आला, ‘खाते आमच्या नोंदीतून वगळले आहे’. माफी नाही, करारनामा नाही, फोटो नाही. पुढच्या पंधरवड्यात त्यानं अहवाल पुन्हा काढला. चौकोन गेले होते, स्कोअर चढला होता. पण पत्त्यांच्या रकान्यात दुसऱ्या क्रमांकावर त्या अनोळखी शहरातला पत्ता तसाच होता आणि खाली तो मोबाईल नंबरही. त्यासाठी वेगळी तक्रार टाकायला लागते, असं त्याला फोनवर सांगण्यात आलं. ती त्यानं त्याच संध्याकाळी टाकली.