200 लिटरचा समुद्र, लातुरात

2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या फेरीत 10 वाघिणी, 5 लाख लिटर. त्याच गावात मी हॉलमध्ये 200 लिटर खारं पाणी काचेत भरून ठेवलंय, हे पाहुण्यांना सांगताना आजही जीभ जरा जड होते. बरं, एवढ्या पाण्यात मासे दोनच. खरी मालकी एका समुद्रफुलाची, म्हणजे दुकानदार ज्याला 'ॲनिमोन' म्हणतात त्याची. शेजारच्या मावशींनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "हे फूल हाय का जनावर?"

जनावर, मावशी. आणि तेही मांसाहारी.

समुद्रफूल हे जेलीफिश आणि प्रवाळाचं भावंड. अंगाची रचना पिशवीसारखी: खाली चिकटून बसायला पाय, वर मधोमध तोंड, तोंडाभोवती शुंडकांची, म्हणजे लवचिक सोंडांची, झालर. अन्न आत जातं त्याच तोंडातून घाणही बाहेर येते. रक्त नाही, मूत्रपिंड नाही, मेंदू नाही. पण शुंडकांवर हजारो दंशपेशी असतात आणि प्रत्येकीत स्प्रिंगसारखा गुंडाळलेला विषारी धागा. याच्या गोड्या पाण्यातल्या नातलगाचा, हायड्राचा, तो धागा सुटताना 2006 साली अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपला गेला. टोचायला लागलेला वेळ निघाला 700 नॅनोसेकंद. या विषाला हलकं समजू नका. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे समुद्रफुलाच्या विषावर प्रयोग करत होते, तेव्हा पहिल्या डोसातून वाचलेला कुत्रा काही आठवड्यांनी अगदी थोड्या विषानेही दगावतो असं त्यांना दिसलं. तीव्र ॲलर्जीचा, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसचा, शोध असा 1902 साली लागला आणि 1913चं नोबेल त्यांना मिळालं. टाकीत हात घालताना मी रबरी मोजे घालतो ते याचमुळे.

असा हा शिकारी नव्या घरात मात्र फार नाजूक असतो, आणि त्याचं कारण पाण्यात आहे. मासा अंगातलं मीठ कमीजास्त करू शकतो, त्याच्याकडे कल्ले आणि मूत्रपिंड आहेत. समुद्रफुलाकडे ती सोयच नाही. बाहेरच्या पाण्यात जेवढं मीठ, तेवढीच खारट त्याची आतली बाजू. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की त्या पाणी सोडतात आणि मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात. समुद्रफुलाला एकदम वेगळ्या खारटपणात सोडलं तर त्याच्या पेशींचं नेमकं हेच होतं. बरेच दुकानदार मीठ वाचवायला टाकीचं पाणी थोडं पातळ ठेवतात. तिथे विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेतला जडपणा; मीठ जास्त तेवढा आकडा मोठा) 1.021 आणि आपल्याकडे समुद्रासारखं 1.026 असेल, तर आपण त्या जिवाला सरळ लोणच्याच्या बरणीत टाकतोय.

म्हणून सलाईन लावायचं. पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवायची, म्हणजे तापमान जुळतं. मग समुद्रफूल पिशवीतल्या पाण्यासकट एका भांड्यात घ्यायचं आणि एअर पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंबाथेंबाने त्यात सोडायचं, सेकंदाला दोन-तीन थेंब. तासाभरात भांड्यातलं पाणी तिप्पट झालं की काम झालं. भांड्यातलं पाणी टाकीत ओतायचं नाही, फक्त जीव उचलायचा. पण 'हळूहळू' म्हणजे दिवसभरही नव्हे. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेल्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो. बंद पिशवीतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी किंचित आम्लधर्मी राहतं आणि अमोनिया कमी घातक रूपात दबून असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, सामू (पीएच) चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यामुळे पिशवी फोडल्यावर चहाला बसू नये.

हे झालं पहिल्या दिवसाचं. मराठवाड्यातली खरी परीक्षा नंतर रोजची असते आणि ती उन्हाळा घेतो. समुद्रफुलाला 24 ते 27 अंश मानवतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42च्या पुढे. पाणी थंड करणारं यंत्र, चिलर, महाग, म्हणून मी पाण्यावर छोटा पंखा लावला. हे तत्त्व आपल्याला कुणी शिकवायला नको, दारातला रांजण आणि खिडकीतला कूलर तेच करतात. एक लिटर पाणी उडून जाताना इतकी उष्णता नेतं की उरलेल्या 200 लिटरचं तापमान जवळपास 3 अंशांनी उतरावं. खोलीची ऊब परत आत येत राहते म्हणून प्रत्यक्षात तेवढं उतरत नाही, तरी फरक पडतो. आपली कोरडी हवा इथे कामाला येते. मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा निम्मंही काम करत नाही.

मात्र उडतं ते पाणी. मीठ जागेवरच राहतं. 200 लिटरमध्ये लिटरला 35 ग्रॅम या हिशेबाने 7 किलो मीठ असतं. दिवसाला 4 लिटर उडाले आणि आपण लग्नाला म्हणून पाच दिवस गावी गेलो, तर परत येईपर्यंत तेच 7 किलो 180 लिटरमध्ये, म्हणजे लिटरला जवळजवळ 39 ग्रॅम. उडालेलं पाणी भरून काढायचं ते गोडं. नवशिके इथेच खारं पाणी ओततात आणि खारटपणा वाढवून बसतात. मी काचेवर नेलपॉलिशची रेघ मारून ठेवली आहे. रोज सकाळी रेघेपर्यंत पाणी, तेही दोन-तीन वेळा थोडं थोडं करून.

गोडं म्हणजे बोअरचं नव्हे. हंड्याच्या तळाला पांढरा थर धरणारं पाणी रोज घालत गेलो तर ते सगळे क्षार, नायट्रेटसकट, टाकीतच साठतात. आरओचं पाणी लागतं, आणि प्यायच्या मशीनमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळतात, ती जोडणी टाळून. यात मनाला बोच आहेच: घरचा आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. ते पाणी आमच्याकडे फरशीला आणि संडासाला जातं, मोरीत एक थेंब जात नाही. मीठही स्वयंपाकघरातलं चालत नाही. समुद्रात सोडियम क्लोराइडसोबत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असतं, म्हणून मत्स्यालयासाठी बनवलेलं मिश्रणच घ्यावं लागतं. आणखी एक: माशांच्या औषधांत पुष्कळदा तांबं असतं. माशाला ते सोसतं, समुद्रफुलाला अजिबात नाही.

टाकी नवी असेल तर समुद्रफूल आणूच नये. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू खडकांवर वाढायला महिना-दीड महिना लागतो. विरजण लागल्यासारखंच ते, घाई करून भागत नाही. त्यानंतरही पाणी बरेच दिवस वरखाली होत राहतं. सहा महिने थांबा, असं जाणकार म्हणतात आणि ते बरोबर म्हणतात. खडक म्हणून कुणी प्रवाळ देऊ केलं तर घेऊ नका. प्रवाळ 2001पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

खरेदी करताना रंगाला भुलू नये. समुद्रफुलाचा तपकिरी-हिरवट रंग बराचसा त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो. हे शैवाल उजेडात साखर तयार करतं आणि मालकाला त्यातला मोठा वाटा देतं. पाणी तापलं किंवा ताण आला की समुद्रफूल हे भाडेकरू बाहेर काढतं आणि पांढरंफटक पडतं. दुकानात ते 'दुर्मिळ पांढरं' म्हणून विकतात. भडक पिवळं दिसलं तर ते बहुधा रंगवलेलं असतं. दोन्ही उपाशी जीव आहेत. नव्या समुद्रफुलाला पहिला आठवडा दिवेही मंदच ठेवावेत, अंधाऱ्या पिशवीतून आलेल्या शैवालाला एकदम प्रखर उजेड सोसत नाही.

माझं पहिलं समुद्रफूल पाण्याने नाही, पंपाने गेलं. मी ते समोर, दिसेल अशा दगडावर ठेवलं होतं. त्याला ती जागा पसंत नव्हती. रात्री पाय सोडून ते तरंगलं आणि लाटा करणाऱ्या पंपात ओढलं गेलं. सकाळी पाणी दुधाळ आणि घरभर वास. तेव्हापासून पंपाला स्पंजचं आवरण आहे. दुसरं आणलं तेव्हा तासभर पंप बंद ठेवून ते खडकाच्या फटीजवळ नुसतं टेकवलं. बबल टिप जातीला पाय सावलीत आणि शुंडकं उजेडात अशी जागा लागते. कार्पेट जातीला वाळू. विदूषक मासे महिनाभर दुसऱ्या टाकीत ठेवले, कारण ते लाडाने अंगावर लोळून नव्या जिवाला उघडूच देत नाहीत. पहिला आठवडा खायला काही दिलं नाही. आता आठवड्यातून एकदा नखाएवढा कोळंबीचा तुकडा. बाजारातलं सुकट नाही, त्याच्या मिठाने पाणी बिघडतं.

दुसऱ्या दिवशी ते आक्रसून लिंबाएवढं झालं तेव्हा घरात सुतकी वातावरण. पण अधूनमधून आक्रसणं म्हणजे आतलं घाण पाणी बाहेर टाकणं. काळजी तेव्हा करावी, जेव्हा तोंड आ वासून राहतं आणि शुंडकं मोज्याला चिकटत नाहीत.

तिसऱ्या रात्री ते चालू लागलं, ताशी काही सेंटिमीटर या वेगाने, आणि चौथ्या सकाळी खडकामागच्या फटीत पाय रोवून पूर्ण फुललं. आजही तिथेच आहे. सोफ्यावरून त्याची फक्त टोकं दिसतात, म्हणून आम्ही सोफा भिंतीच्या दुसऱ्या बाजूला सरकवला.