शुश्रूषागृहांतील खासगीपणा आणि कौटुंबिक संपर्क

वृद्धाश्रम, शुश्रूषागृहे, दिव्यांगांची निवासगृहे अशा संस्थांत दीर्घकाळ राहणाऱ्यांचे शरीर, खोली, पत्रे व आजाराची माहिती यांपर्यंत इतरांची नजर किती पोचावी आणि आप्तांशी त्यांचे नाते कसे टिकावे, यासंबंधीचे हक्क व कार्यपद्धती. रुग्णालयातून माणूस बरा होऊन घरी जातो. इथे संस्था हेच घर असते. त्यामुळे रुग्णालयात चार दिवस खपून जाणारी अडचण इथे रोजची होऊन बसते.

संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्क जाहीरनाम्यातील कलम 12 मध्ये खासगी जीवन, कुटुंब, घर व पत्रव्यवहार यांना एकत्रच संरक्षण आहे. 1991 मध्ये स्वीकारलेल्या ज्येष्ठांविषयीच्या तत्त्वांत निवासी संस्थांमधील खासगीपणाचा स्पष्ट उल्लेख आला. 2006 च्या दिव्यांग हक्क करारानुसार माणूस कुठे व कोणत्या व्यवस्थेत राहतो, यावर हा हक्क अवलंबून नाही.

प्रत्यक्षात खासगीपणाचा भंग बहुधा दुष्टपणाने होत नाही, घाईने होतो. दार वाजवायचे आणि उत्तराची वाट न पाहता आत शिरायचे. अंघोळ घालताना पडदा अर्धाच ओढायचा. ‘अमक्यांचा डायपर बदलला का?’ असे व्हरांड्यातून ओरडून विचारायचे. पलंगाच्या डोक्याशी लावलेल्या फलकावर लघवीवरील ताबा, मधुमेह, पथ्य असे सगळे लिहिलेले असते. कर्मचाऱ्यांना ते सोयीचे वाटते, पण शेजारच्या पलंगाकडे आलेला पाहुणाही ते वाचतो. फोन कार्यालयातल्या टेबलावरच असेल, तर निवासी आपल्या मुलीला ‘सगळे ठीक आहे’ यापलीकडे काय सांगणार? व्हिडिओ कॉलच्या वेळी मोबाइल धरून उभ्या राहणाऱ्या परिचारिकेमुळेही तेच होते. मोबाइल स्टँडवर ठेवून तिने बाहेर थांबावे, इतका साधा त्यावरचा उपाय आहे.

खासगीपणा आणि कुटुंबाचा संपर्क या दोन गोष्टी नेहमी एका दिशेने जात नाहीत, हा या विषयातला खरा पेच. महिन्याचे पैसे भरणारा मुलगा तब्येतीचा सगळा तपशील मागतो आणि संस्थाही तो बिनदिक्कत देते. वास्तविक पैसे भरल्याने निर्णयाचा अधिकार मिळत नाही. तो निवाशाच्या संमतीने किंवा कायदेशीर नेमणुकीने मिळतो. अमेरिकेतील 1987 च्या शुश्रूषागृह सुधारणा कायद्याने नातेवाइकांना तत्काळ भेटीची मुभा दिली, पण भेट नाकारण्याचा हक्क निवाशाकडेच ठेवला. सणाच्या दिवशी काढलेले फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकतानाही हाच प्रश्न येतो: एकाच्या मुलीला हवा असलेला फोटो दुसऱ्याचे व्हीलचेअरवरचे रूप पन्नास घरांत पोचवतो.

स्मृतिभ्रंशात संमती ठरवणे अवघड असते, अशक्य नसते. बँकेचा व्यवहार न समजणारी व्यक्ती कोण भेटलेले आवडते आणि कोण आले की आपण अस्वस्थ होतो, हे सांगू शकते, निदान दाखवू शकते. म्हणून निर्णयक्षमता सरसकट न ठरवता त्या-त्या निर्णयापुरती पाहतात.

छळाच्या भीतीने कुटुंबे खोलीत कॅमेरा बसवू पाहतात. अमेरिकेतील टेक्सास राज्याने 2001 मध्ये यासाठी कायदा केला. अशा कायद्यांत खोलीतील दुसऱ्या निवाशाची संमतीही घ्यावी लागते. कॅमेऱ्याने मार टिपला जातो तसे कपडे बदलणेही टिपले जाते, हे संमती मागताना सांगितले पाहिजे.

2020 मध्ये कोविडच्या साथीत अनेक देशांनी शुश्रूषागृहांतील भेटी बंद केल्या. नातेवाईक खिडकीच्या काचेबाहेर उभे राहिले. कित्येकांना अखेरच्या क्षणीही जवळ जाता आले नाही. संसर्ग रोखण्याचे कारण खरे होते, पण जेवण भरवणारी, अंगावर उमटलेले वळ ओळखणारी माणसेही त्याच नियमाने बाहेर राहिली. इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमानुसार अपवादात्मक परिस्थिती वगळता भेटीची सोय करून देणे संस्थांवर बंधनकारक आहे.

तक्रार केली तर आपल्या माणसाची हेळसांड होईल, या धास्तीने बरेच नातेवाईक गप्प बसतात. अमेरिकेत 1978 पासून प्रत्येक राज्याला दीर्घकालीन निवासी सेवांसाठी लोकपाल, म्हणजे निवाशांच्या तक्रारींची दखल घेणारा अधिकारी, ठेवावा लागतो. तो निवाशाला एकांतात भेटू शकतो, आणि तक्रारदाराचे नाव उघड करायचे तर आधी त्याची संमती घेतो.