व्हॉट्सॲपवरून इंग्रजीचा सराव

व्हॉट्सॲप, टेलिग्राम यांसारख्या संदेश-ॲपवर शिक्षक व विद्यार्थी किंवा शिकणारे आपापसांत करतात तो इंग्रजीचा सराव. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. मात्र तासाबाहेर ती भाषा बोलायला बहुतेक मुलांना कोणी मिळत नाही. ही उणीव अशा गटांमुळे थोडीफार भरून निघते.

यात सर्वांत उपयोगाची व्हॉइस नोट. ही सोय व्हॉट्सॲपवर २०१३ मध्ये आली. वर्गात उभे राहून बोलायचे म्हटले की चूक होईल, मुले हसतील, या धास्तीने अनेक जण गप्प बसतात. फोनवर मात्र वाक्य मनात जुळवायला उसंत मिळते आणि पसंत पडले नाही तर पुसून पुन्हा बोलता येते. पाठवले जाते ते एकच वाक्य, पण त्याआधी ते चार वेळा तोंडातून गेलेले असते. खरा सराव तोच.

समजा, एखाद्या मुलीने ‘आय केम बिफोर टू डेज’ असे पाठवले. ‘दोन दिवसांपूर्वी’ हा मराठी साचा तिने तसाच उचलला आहे. शिक्षक त्याच नोटला जोडून ‘आय केम टू डेज अगो’ एवढेच स्वच्छ म्हणून पाठवतात. दोन्ही वाक्ये एकाखाली एक राहतात, हवी तेव्हा ऐकता येतात. नवख्यांची दुरुस्ती गटात न करता खासगीत करणे केव्हाही चांगले.

शिक्षकांच्या तयारीसाठीही या माध्यमाचा उपयोग झाला. महाराष्ट्र शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या ‘तेजस’ प्रकल्पात (२०१६ पासून) प्राथमिक शिक्षकांच्या गटबैठकांना व्हॉट्सॲप गटांची जोड होती. २०२० च्या टाळेबंदीत तर स्वाध्याय थेट पालकांच्या फोनवर जाऊ लागले.

अडचणीही तिथेच सुरू होतात. व्हॉट्सॲपसाठी भारतात किमान वय १३ वर्षे आहे. त्यामुळे लहान मुले पालकांच्या फोनवर अवलंबून असतात आणि तो फोन संध्याकाळीच घरी येतो. गटातील सर्वांना एकमेकांचे नंबर दिसतात, ही विशेषतः मुलींच्या पालकांची रास्त काळजी आहे. सुप्रभातच्या संदेशांना कंटाळून काही शिक्षक ‘फक्त ॲडमिन’ ही मुभा लावतात. मग गटाचा सूचनाफलक होतो आणि मुलांचे बोलणेच थांबते. त्यापेक्षा आठ-दहा जणांचे छोटे गट करावेत. लेखी उत्तरांवर फार विसंबू नये, कारण पुढचा शब्द कीबोर्डच सुचवतो.