शक्यतेचा चौकोन आणि त्याचे सुटलेले कोपरे

ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात 'उद्या सागरी लढाई होईल' हे विधान घेऊन भविष्याविषयीच्या विधानांचा खरेखोटेपणा तपासला आणि त्याच ग्रंथात पुढे 'शक्य', 'अशक्य', 'अपरिहार्य' अशा शब्दांनी बनलेल्या विधानांपैकी कशावरून काय निष्पन्न होते, याचा हिशेब मांडला. या विचाराला आज मोडल लॉजिक, म्हणजे प्रकारतेचे तर्कशास्त्र, म्हणतात. पाठ्यपुस्तकांत भेटणारा विरोधाचा चौकोन, म्हणजे चार विधानांचे परस्परसंबंध दाखवणारी आकृती, पुढच्या भाष्यकारांनी, विशेषतः सहाव्या शतकातल्या रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने, रूढ केली. तो सहसा 'सर्व' आणि 'काही' यांच्या विधानांसाठी शिकवला जातो, पण शक्य-अशक्याच्या विधानांनाही तो चपखल बसतो.

लढाईचेच उदाहरण घेऊ. वरच्या दोन कोपऱ्यांत 'लढाई अपरिहार्य आहे' आणि 'लढाई अशक्य आहे' ही विधाने ठेवायची. पहिल्याच्या खाली 'लढाई होणे शक्य आहे' आणि दुसऱ्याच्या खाली 'लढाई न होणे शक्य आहे' हे ठेवायचे. कर्णाच्या दोन टोकांवरची विधाने परस्परव्याघाती असतात, म्हणजे त्यांतले नेमके एक खरे आणि दुसरे खोटे. वरची दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, मात्र दोन्ही खोटी असू शकतात. खालच्या जोडीचे बरोबर उलट. उभ्या बाजूंनी वरून खाली उतरता येते, कारण जे अपरिहार्य आहे ते शक्य असणारच.

हे 'असणारच' दिसते तितके सरळ नाही, आणि ॲरिस्टॉटललाही इथे थांबून विचार करावा लागला. 'शक्य' म्हणजे 'होऊ शकते आणि न होऊही शकते' असे धरले, तर अपरिहार्य गोष्टीला शक्य म्हणता येत नाही, कारण मग ती टळूही शकते असे मानावे लागेल. आणि ती शक्य नाही म्हणावे, तर ती अशक्य ठरते, जे त्याहून विचित्र. चौकोन या पेचातून सुटतो तो 'शक्य'चा अर्थ 'अशक्य नाही' एवढ्यापुरता मर्यादित करून. पण आज पाऊस पडणे शक्य आहे, असे आपण म्हणतो तेव्हा मनात बहुधा दुसरा, दुहेरी अर्थ असतो, आणि त्याला चौकोनात कोपराच नाही.

तो कोपरा विसाव्या शतकाच्या मध्याला मिळाला. पॉल जेकोबी, ऑगस्टिन सेस्मा आणि रोबेर ब्लांशे या अभ्यासकांनी चौकोनाला आणखी दोन टोके जोडून त्याचा षट्कोन केला. खालच्या नव्या टोकावर 'होणेही शक्य, न होणेही शक्य' हे विधान येते आणि वरच्या टोकावर त्याचे व्याघाती, म्हणजे 'एक तर अपरिहार्य, नाहीतर अशक्य'.

षट्कोनाचे खरे मोल माझ्या मते त्याच्या देखणेपणात नसून त्यातून निघणाऱ्या साध्या मोजणीत आहे. कोणतीही घटना तीनच कप्प्यांपैकी एकात पडते: अपरिहार्य, अनिश्चित किंवा अशक्य. 'शक्य आहे' हे विधान पहिले दोन कप्पे व्यापते, 'अशक्य आहे' फक्त तिसरा. तीन कप्प्यांतून निवड करण्याचे आठ मार्ग आहेत. त्यांतला एकही कप्पा न घेणारा आणि सगळेच घेणारा असे दोन वगळले की सहा उरतात, आणि तेच षट्कोनाचे सहा कोपरे. व्याघाती विधाने म्हणजे उरलेल्या कप्प्यांची निवड, हे कळले की रेषा पाठ करण्याची गरज राहत नाही. आता अनिश्चिताचे 'प्रत्यक्षात घडणारे' आणि 'प्रत्यक्षात न घडणारे' असे दोन भाग केले की कप्पे चार होतात आणि कोपरे चौदा. ते कागदावर सुबक मांडता येत नाहीत. त्यासाठी समभुज चौकोनांची बारा पृष्ठे आणि चौदा शिरोबिंदू असलेली घनाकृती वापरतात.

हाच आराखडा कायद्यालाही लागू पडतो, हे जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने सतराव्या शतकात ओळखले होते. अपरिहार्यच्या जागी 'बंधनकारक', अशक्यच्या जागी 'निषिद्ध' आणि शक्यच्या जागी 'अनुज्ञेय' ठेवायचे. भारतात मतदान करणे अनुज्ञेय आहे आणि न करणेही. त्याची जागा षट्कोनाच्या खालच्या टोकावर आहे. कर भरणेही अनुज्ञेय आहेच, पण ते बंधनकारक असल्यामुळे.

मात्र या साऱ्या आकृतीखाली एक गृहीतक दडलेले आहे. अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ सॉल क्रिप्कीने 1960च्या आसपास रूढ केलेल्या मांडणीत 'अपरिहार्य' म्हणजे येथून पोहोचता येणाऱ्या प्रत्येक संभाव्य जगात खरे, आणि 'शक्य' म्हणजे अशा निदान एका जगात खरे. इथे संभाव्य जग म्हणजे गोष्टी ज्या प्रकारे असू शकतील असा एक पूर्ण पर्याय, आणि 'पोहोचता येणारे' म्हणजे आपल्या जागेवरून पाहता जो पर्याय विचारात घ्यायचा तो. आता जिथून कोणत्याच जगात पोहोचता येत नाही असे जग घ्या. तिथे 'प्रत्येक जगात' ही अट तपासायला एकही जग नसल्यामुळे ती आपोआप पूर्ण होते, म्हणून सगळेच अपरिहार्य ठरते, आणि शक्य काहीच नसते. कायद्याच्या भाषेत, नियम एकमेकांशी इतके विसंगत की ते सगळे पाळता येतील असे एकही जग नाही. अशा जगात वरचे दोन्ही कोपरे एकदम खरे आणि खालचे दोन्ही खोटे होतात. उभ्या बाजूंनी उतरता येत नाही, आडव्या बाजूंचे नियम मोडतात, आणि चौकोनातले फक्त दोन कर्ण तेवढे शाबूत राहतात.